एकोणीस वर्षांचा अबोला : भारत आणि पोर्तुगाल

बखरवाचक

गेले दोन आठवडे रात्री जेवणं झाली की मी एकच निकालपत्र घेऊन बसतोय. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं, १२ एप्रिल १९६० चं. पोर्तुगाल विरुद्ध भारत. दमणहून दादरा आणि नगरहवेलीला जायला भारताच्या हद्दीतून वाट मिळाली पाहिजे, असा पोर्तुगालचा दावा होता. कायद्याच्या त्या दाट जंगलात चालता चालता एकदम आपल्या घरचा शब्द समोर आला : सरंजाम, म्हणजे गावांचा नुसता वसूल घ्यायचा हक्क. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

प्रकरण सुरू होतं १७७२ मध्ये. पेशव्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं. त्याच्या नुकसानीचं घोंगडं सात वर्षं भिजत पडलं. मग १७ डिसेंबर १७७९ ला पुणे दरबार आणि गोवेकर फिरंगी यांच्यात तह झाला. गादीवर पाच वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नाना फडणिसांच्या हाती, इंग्रजांशी युद्ध पेटलेलं. अशा वेळी पोर्तुगीज निदान इंग्रजांच्या बाजूला जाऊ नयेत, यासाठी थोडं सोडून द्यायला नाना तयार झाले असणार, असं मला वाटतं. बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं ठरलं आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती दिली गेली. तीच नगरहवेली आणि दादरा.

पावणेदोनशे वर्षांनी पोर्तुगाल न्यायालयात म्हणाला, मराठ्यांनी आम्हाला हा मुलूख दिला. भारत म्हणाला, मुलूख नाही, वसूल दिला. न्यायाधीशांनी तहाची मराठी आणि पोर्तुगीज कलमं तपासली आणि या मुद्द्यावर भारताचं म्हणणं मानलं. जिथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तिथे मराठे तसं स्पष्ट लिहीत. इथे लिहिलंय ते जहागिरीचं, सरंजामाचं. पुण्याच्या दफ्तरातल्या कुण्या कारकुनाने बोरूने लिहिलेला शब्द हेगमध्ये भारताच्या बाजूने उभा राहिला, याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही.

आता मूळ विषय. स्वतंत्र भारताने पोर्तुगालशी १९४९ मध्ये राजनैतिक संबंध जोडले, लिस्बनला आपली वकिलात उघडली. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने लेखी विचारलं : गोवा, दमण, दीव यांच्या भवितव्याबद्दल बोलू या. फ्रेंच पाँडिचेरीबद्दल बोलत होतेच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने बोलायलाच नकार दिला. १९५१ मध्ये त्यांनी राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं. म्हणजे गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच तुकडा, मग वाटाघाटी कसल्या? ११ जून १९५३ ला आपण लिस्बनची वकिलात बंद केली. ऑगस्ट १९५५ मध्ये दिल्लीतली त्यांची बंद झाली. मग थेट ३१ डिसेंबर १९७४ पर्यंत दोन्ही देश एकमेकांशी बोलत नव्हते. निरोपानिरोपी तिसऱ्याच्या तोंडून : पोर्तुगालचं दिल्लीतलं काम ब्राझील बघे, आपलं काम इजिप्त.

एकोणीस वर्षांचा हा अबोला दोन सरकारांनी धरला खरा, पण त्याचा काच माणसांना बसला. तारखा मी पुस्तकांतून काढू शकतो. माणसांचं काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचंय. गोवेकर, सिल्वासाकडचे, परदेशातले, सगळ्यांनी लिहा.

---

रामकुंड

धागा आवडला. आमच्या नाशकात गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे ती पोर्तुगीज घडणीची, १७२१ सालची. वसई जिंकल्यावर अशा घंटा देशावर आल्या. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं की देवाच्या घंटेवर परकी अक्षरं कशी. ते म्हणाले, चिमाजीअप्पांना विचार. चिमाजीअप्पा कोण, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही १७७९ पासून सुरुवात केलीत, पण हे नातं त्याआधीचंही आहे ना?

---

बखरवाचक

आहेच. शिवाजी महाराजांनी १६६७ च्या नोव्हेंबरात बारदेशवर स्वारी केली आणि डिसेंबरात तह झाला, पुढे १६७० मध्ये दुसरा. १७३९ मध्ये वसई पडली. पण लढायांइतकीच मला त्यांच्यामधल्या वकिलांची गंमत वाटते. पोर्तुगीजांचा पुणे दरबारातला वकील बऱ्याचदा गोव्याचा सारस्वत असे. नारायण शेणवी धुमे हे त्यातलं मोठं नाव. लिस्बनच्या राणीचं काम, बोलणं मराठीत, अहवाल पोर्तुगीजमध्ये. गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य घालवून हे कागद उजेडात आणले. पुढे १९५५ नंतर दोन्ही देशांना एकमेकांशी बोलायला एक माणूस मिळेना, तेव्हा मला हे धुमे हटकून आठवतात.

---

अपील

बखरवाचक, तुमचा आनंद मी समजू शकतो, पण वकील म्हणून दोन गोष्टी सांगणं भाग आहे. 'सरंजाम' शब्दाने आपण खटला जिंकलो, असं मनात धरून इथून कुणी जाऊ नये.

न्यायालयाने मराठ्यांनी फक्त वसूल दिला हे मानलं, बरोबर. पण त्याच निकालात पुढे म्हटलंय की १८१८ नंतर इंग्रज आले, त्यांनी या गावांवरचं पोर्तुगीज स्वामित्व प्रत्यक्षात मान्य केलं आणि नंतर भारतानेही ते तसंच चालू दिलं. म्हणजे पेशवाईत जे सरंजाम होतं ते इंग्रजी अमदानीत स्वामित्व बनलं. एवढी वर्षं माणसं आणि माल जात-येत होता, त्यातून वहिवाट तयार झाली. शेतातून शेजाऱ्याची पायवाट पिढ्यान् पिढ्या चालू असली तर ती एका सकाळी काटे टाकून बंद करता येत नाही, तसंच. म्हणून निकाल तीन तुकड्यांत आला. साधे नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाटेचा हक्क होता : ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी नव्हता : ८ विरुद्ध ७. एका मताचा फरक! आणि तिसरं, १९५४ मध्ये तिथली परिस्थिती इतकी तापलेली होती की भारताने वाट अडवली यात कर्तव्यभंग झाला नाही : ९ विरुद्ध ६.

सगळं अवलंबून होतं ते मधल्या मुद्द्यावर. सैन्य नेता येणार नसेल तर हातची गेलेली गावं पोर्तुगाल परत घेणार कशी? वहिवाट इथे आपल्या कामी आली, कारण इंग्रजांच्या काळातही सशस्त्र तुकड्यांना परवानगीशिवाय जाता येत नसे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात तसं होतं.

आणखी एक. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. १९ तारखेला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं जाहीर केलं आणि २२ ला दावा दाखल. इतकी घाई की भारताने प्राथमिक हरकतींमध्ये याच घाईवर बोट ठेवलं. न्यायालयाने १९५७ मध्ये हरकती फेटाळल्या किंवा पुढच्या सुनावणीवर सोडल्या. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला, आणि आपली बाजू मांडणाऱ्यांत ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. मुंबईच्या वकिलीने जगात जी कामं केली त्यात या खटल्याला मी फार वरचं स्थान देतो.

---

बखरवाचक

अपील, मनापासून आभार. माझ्या मांडणीत ती चूक झालीच होती. सरंजामाने स्वामित्वाचा मूळ दावा पोकळ केला, पण निकाल फिरला तो वहिवाटीवर. दुरुस्ती मान्य.

---

दमणगंगा

माझं माहेर सिल्वासाजवळचं. तुम्ही ज्याला 'वाट' म्हणताय ती आमच्याकडे बैलगाडीची वाट होती. नकाशात दादरा हा एक ठिपका आणि नगरहवेली दुसरा, दोन्ही चारी बाजूंनी भारताने वेढलेले. दमणहून साहेब यायचा तर भारतातून यायचा.

२२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झालं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात वेगवेगळ्या विचारांचे गट होते : युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, शिवाय आमचे वारली-कोकणा लोक. महाराष्ट्रातून आलेल्यांत सुधीर फडके होते, राजाभाऊ वाकणकर होते. हत्यारांसाठी पैसे उभे करायला लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. बाबूजींची गाणी घराघरांत आहेत, पण त्यांच्या हातून हेही काम झालंय ते कमी लोकांना ठाऊक असतं.

खरी सांगण्यासारखी गोष्ट त्यानंतरची. १९५४ ते १९६१ आम्ही कुणाचेच नव्हतो. पोर्तुगीज गेले होते आणि भारताने आम्हाला सामील करून घेतलं नव्हतं. वरिष्ठ पंचायत कारभार पाहायची. आई सांगायची की शाळेत झेंडा तिरंगाच लागे, पण मास्तर म्हणत, अजून कागद व्हायचाय. हेगचा खटला चालू असताना भारताने मुलूख जोडून घेतला असता तर न्यायालयात आपलीच बाजू लंगडी पडली असती, हे मला मोठी झाल्यावर उमगलं. निकाल लागल्यावर जून १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. मग करारावर सही करायला सरकारचा प्रमुख हवा. तेव्हा के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं 'मुक्त दादरा आणि नगरहवेली'चे पंतप्रधान करण्यात आलं. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला बदलानी. ११ ऑगस्ट १९६१ पासून आम्ही भारताचे.

आमच्या लोकांना या सात वर्षांचं फार अप्रूप आहे. स्वतःचं सरकार स्वतः चालवलं त्यांनी.

---

मांडवीकाठ

मी पणजीची. वडील १९५५ मध्ये अकरा वर्षांचे होते. नाकेबंदीचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहिते.

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही हद्द ओलांडून आले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारताने हद्द बंद केली, कॅसलरॉककडून येणारी रेल्वे बंद. बाबांचे सख्खे काका गिरगावात एका खोलीत राहात आणि दर महिन्याला मनीऑर्डर पाठवत. ती थांबली. पत्रं उशिरा येत, फोडलेली येत. काकांची आई, म्हणजे माझी पणजी, १९५७ मध्ये वारली आणि काकांना बाराव्याला येता आलं नाही. परवाना हातात पडेपर्यंत मासिकसुद्धा उलटून गेलं होतं.

गोव्यात खायला कमी पडलं असं मात्र नव्हे. घाटावरून येणारा बटाटा बंद झाला, हॉलंडचा यायला लागला. सिमेंट जपानचं. दाबोळीला विमानतळ झाला, पोर्तुगीजांनी विमान कंपनी काढली आणि विमानं कराचीमार्गे लिस्बनला जाऊ लागली. खनिज लोखंड जपानला आणि जर्मनीला जात होतं, त्या पैशावर दुकानं भरलेली असत. बाबा म्हणतात, आमच्या घरात विलायती चीज होतं आणि बेळगावची मिरची नव्हती. सालाझारला दाखवायचं होतं की भारतावाचून गोव्याचं अडत नाही. दुकानात अडत नव्हतंही, पण आमच्या काकांना आईच्या पिंडाला यायला मिळालं नाही.

नाकेबंदीने सालाझार नमेल असं दिल्लीला वाटलं असेल. काच बसला तो आम्हाला. हे मी भारताविरुद्ध म्हणून लिहीत नाही, आमच्या घरातल्या दोघांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढलेत.

---

उत्तरायण

मांडवीकाठ, तुमचं लिहिणं वाचून थांबलोच. माझा प्रश्न तिथूनच निघतो. १९५३ मध्ये आपण लिस्बनची वकिलात बंद केली ही चूक नव्हती का? भांडण असलं तरी दार उघडं ठेवावं. चीनशी १९६२ नंतरही आपण वकिलात बंद केली नव्हती. इथे बोलायलाच माणूस उरला नाही आणि मग १९६१ मध्ये सैन्य पाठवावं लागलं.

---

बखरवाचक

उत्तरायण, प्रश्न रास्त आहे आणि मी यावर बराच विचार केलाय. माझं मत : वकिलात उघडी ठेवून फरक पडला नसता. भारताने तीन वर्षं वाट पाहिली. सालाझारचं उत्तर एकच, की या विषयावर चर्चाच होऊ शकत नाही. गोवा सोडला तर अंगोला, मोझांबिक, गिनी कशाच्या बळावर राखायचं, ही त्याची खरी भीती. शिवाय पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत. २ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात या प्रदेशांना 'पोर्तुगीज प्रांत' म्हटलं, तेव्हा तर सालाझारला आपण जिंकलोच असं वाटलं असणार. त्याच सुमारास सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन आपल्या बाजूने बोलून गेले. गोवा शीतयुद्धाच्या पटावर गेला तो असा.

आपल्या सैन्याने गोवा घेतला ते डिसेंबर १९६१ चे दोन दिवस सर्वांना माहीत आहेत, म्हणून लांबण लावत नाही. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला. सात मतं ठरावाच्या बाजूने. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. १९ च्या रात्री गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली.

या माणसाबद्दल मला लिहायचंच आहे. १४ डिसेंबरला सालाझारने त्यांना कळवलं होतं की शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, समोर त्याच्या कितीतरी पट फौज, आकाशात आपली विमानं. त्यांनी पणजीत रक्ताचा पाट वाहू दिला नाही. तीन हजारांवर पोर्तुगीज कैदी आपल्या छावण्यांत होते. मे १९६२ मध्ये ते सुटले, आधी विमानाने कराची आणि तिथून बोटीने लिस्बन. मायदेशी त्यांचं स्वागत भ्याड म्हणून झालं. १९६३ मध्ये वासालो इ सिल्व्हांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला आणि १९८० मध्ये ते गोव्याला आले तेव्हा गोवेकरांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.

लिस्बनने राग काढला तो मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर. बहुतेक गुजराती व्यापारी. छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली, नंतर देशाबाहेर घालवलं. त्यांची बाजू घ्यायला तिथे भारताचा स्वतःचा एकही अधिकारी नव्हता. उत्तरायण, इथे मात्र तुमचं म्हणणं मला पटतं.

---

लिस्बनवारी

नोकरीनिमित्त सहा वर्षं लिस्बनमध्ये आहे. इथून कास्काइशला जाणारी लोकल समुद्राच्या कडेने जाते आणि मध्ये काशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यात सालाझारचा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. मी पहिल्यांदा त्या स्टेशनावर उतरलो तो मोहन रानड्यांसाठी.

धाग्यात अजून त्यांचं नाव आलं नाही म्हणून लिहितो. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाचं काम करू लागले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा. पुढे त्यांना इकडे लिस्बनला आणलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मिरवणुका निघाल्या, आणि रानडे इथे कोठडीत. पोर्तुगीज सैनिक पाच महिन्यांत घरी गेले. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षं! बखरवाचक ज्याला अबोला म्हणतात त्याचा अर्थ मला त्या स्टेशनावर कळला. भारताची इथे वकिलातच नव्हती. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी समिती करून वर्षानुवर्षं धडपडत होते. शेवटी तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये रोमला पोपची भेट झाली तेव्हा रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. सांगलीचा कैदी, लिस्बनचा तुरुंग, मद्रासचा मुख्यमंत्री, व्हॅटिकनचे पोप. दोन सरकारं बोलत असती तर एका कागदावर झालं असतं. रानडे परत आले तेव्हा अण्णादुराई मृत्युशय्येवर होते, काही दिवसांतच गेले. रानड्यांनी पुढची पन्नास वर्षं समाजकार्यात घालवली आणि जून २०१९ मध्ये पुण्यात देह ठेवला.

गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलू मास्कारेन्हस तर त्यांच्याही नंतर सुटले, १९७० मध्ये.

---

दमणगंगा

फडके दोनदा आले या धाग्यात. १९५४ ला आमच्याकडे, आणि १९६९ पर्यंत रानड्यांसाठी. डोळे भरून आले.

---

कृष्णाकोयना

मी कराडची, म्हणून पुढचा भाग मी लिहिणार.

२५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली. बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं, हे चित्र सर्वांनी पाहिलंय. हुकूमशाही गेली. नवे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश स्वतः सालाझारच्या राजवटीत तुरुंग आणि हद्दपारी भोगलेले. त्यांनी सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्याशी बोलणी केली. ऑक्टोबरात आपल्याकडे परराष्ट्र खातं आलं यशवंतराव चव्हाणांकडे. आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करारावर सह्या झाल्या त्या सोआरेश आणि यशवंतरावांच्या. देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याच्या पोराची.

मला त्या कराराचं पहिलं कलम फार आवडतं. पोर्तुगाल गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवर भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य करतो. कधीपासून? सही केल्याच्या दिवसापासून नाही, तर भारताच्या राज्यघटनेनुसार ते प्रदेश ज्या तारखांना भारताचा भाग झाले त्या तारखांपासून. म्हणजे मधली तेरा वर्षं कुणाचं काय होतं, हा वाद एका ओळीत मिटला. दोघांनीही आवाज चढवला नाही आणि कुणाला नाक घासायला लावलं नाही. संस्कृती, दफ्तरं, मालमत्ता यांबद्दल पुढे बोलू असंही त्यात आलं. ३ जून १९७५ ला करार लागू झाला.

आमच्या भागात यशवंतरावांबद्दल बोलताना संयुक्त महाराष्ट्र, १९६२ चं संरक्षण खातं, सगळं निघतं. हा करार कुणी काढत नाही. मला तो त्यांच्या स्वभावाचा सर्वांत चांगला दाखला वाटतो.

---

बखरवाचक

कृष्णाकोयना, तारखेचं कलम माझ्या लक्षातच आलं नव्हतं. १७७९ च्या तहात 'कायमचं' हा शब्द नव्हता म्हणून पावणेदोनशे वर्षांनी खटला झाला. १९७४ च्या करारात तारीख घातली म्हणून पुढे तंटाच उरला नाही.

---

अपील

पुढचं थोडक्यात. १९८० मध्ये सांस्कृतिक करार. १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे तेच मारिओ सोआरेश, आता पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्षांच्या भेटीगाठी होत राहिल्या. द्रौपदी मुर्मू एप्रिल २०२५ मध्ये लिस्बनला गेल्या तेव्हा संबंध पुन्हा जुळल्याची पन्नाशी होती.

कायद्याच्या अंगाने मात्र एका प्रकरणाशी थांबायला हवं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला. पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच बंद केलेली. भारताने लेखी हमी दिली : फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला सोपवलं. इथे त्याच्यावर जादा कलमं लागली म्हणून पोर्तुगीज न्यायालयाने मध्यंतरी प्रत्यार्पणच रद्द ठरवलं होतं. जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे.

स्फोटांत माणसं गमावलेल्यांना हे ऐकून काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. मी स्वतः त्या दिवशी वरळीत होतो. तरीही मला सर्वोच्च न्यायालयाचं बरोबर वाटतं. आज शब्द मोडला तर उद्या दुसरा आरोपी कुठला देश आपल्याला देईल?

---

उत्तरायण

लिस्बनवारी, पासपोर्टबद्दल सांगा ना. गोव्यातली इतकी मंडळी पोर्तुगीज नागरिक होतात ते कसं?

---

लिस्बनवारी

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्माने पोर्तुगीज. त्याने आपला जन्म इथल्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवला की तो नागरिक, आणि मग त्याची मुलं-नातवंडंही तो हक्क सांगू शकतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर अनेकांनी हा पासपोर्ट घेऊन थेट इंग्लंड गाठलं. स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे ती यामुळे.

मी एका मित्राच्या आईला सोबत म्हणून त्या रांगेत उभा राहिलोय. साष्टीची बाई, वय सत्तरच्या पुढे, पिशवीत पोर्तुगीज काळातला बाप्तिस्म्याचा दाखला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. नावात एक अक्षर चुकलं होतं म्हणून तीन चकरा झाल्या. तिला स्वतःला इथे राहायचंच नव्हतं, नातवासाठी आली होती.

आणि याच देशाचे २०१५ पासून आठ वर्षांहून जास्त काळ पंतप्रधान होते आंतोनियो कोस्ता. घराणं मडगावचं, घरचे हाक मारतात 'बाबुश'. २०१७ मध्ये ते मडगावच्या वाड्यात जाऊन आले. आता ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. ते निवडून आले त्या दिवशी ऑफिसातल्या पोर्तुगीज सहकाऱ्याने मला विचारलं, 'बाबुश' म्हणजे काय? मी म्हटलं, घरातला लाडका पोरगा.

---

बखरवाचक

मांडवीकाठ, एक विचारायचं राहिलं. गोवेकरांचं गहाण सोनं लिस्बनला गेलं होतं असं वाचलंय. तुमच्याकडे कुणाचं होतं का?

---

मांडवीकाठ

होतं. आमच्या आजीचंच.

१९६० मध्ये आजोबांना सुपारीत नुकसान आलं आणि त्यांनी आजीच्या पाटल्या आणि एक गोफ पणजीतल्या पोर्तुगीज बँकेत गहाण टाकला. असे हजारो लोकांचे दागिने तिथे होते. डिसेंबर १९६१ च्या आधी बँकेने ते सगळे लिस्बनला हलवले. मुक्तीचा आनंद झाला आणि पाटल्या समुद्रापार गेल्या. आजोबांनी पावती जपून ठेवली. दोन्ही सरकारं बोलतच नव्हती, मग मागायचं कुणाकडे? १९७४ चा करार झाल्यावर बाबा म्हणाले, आता येईल. तरीही आणखी सोळा-सतरा वर्षं गेली. १९९१ मध्ये सोनं गोव्यात परत आलं, मुक्तीनंतर तीस वर्षांनी.

आजोबा तोवर गेले होते. आजी होती, चौऱ्याहत्तर वर्षांची. मी तेव्हा बारावीत, तिच्याबरोबर मीच गेले होते. पावतीचा कागद घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेली. आतून एक पुडकं आणून दिलं, वर पोर्तुगीज वळणाच्या अक्षरात आजोबांचं नाव. आजीने ते तिथे उघडलं नाही. घरी आल्यावर हात-पाय धुतले, देवापुढे बसली आणि मग सोडलं. गोफ होता तसाच होता. पाटल्या मात्र तिच्या हातात जाईनात, हाडं रुंद झाली होती. तिने त्या साबण लावून माझ्या हातात चढवल्या.

आज हे टाइप करताना त्यातली एक माझ्या हातात आहे. दुसरी बहिणीकडे मडगावला असते.